चिरा, कौले आणि घसारा : कोकणातील होमस्टेचा आयकर कमी करण्याची रीत

गुहागर तालुक्यातील आमच्या घराला जोडून पर्यटकांसाठी पाच खोल्या बांधून झाल्या, तेव्हा ठेकेदाराने हातात ठेवलेल्या बिलावर एकच ओळ होती : 'घरबांधणी, एकरकमी'. त्या एका ओळीत जांभ्याच्या भिंती होत्या, नवी विहीर होती, पंख्यांचे वायरिंग होते, छपरावरचा सौर बंब होता आणि अंगणातला झापांचा मांडवही होता. आयकराच्या तक्त्यात यांपैकी काही गोष्टींना दरसाल 10 टक्के घसारा मिळतो आणि काहींना 40 टक्के. बिल फोडून मागायला आम्ही गेलो तोपर्यंत वायरमन दुसऱ्या गावी कामाला गेला होता आणि सौर बंबाची मूळ पावती ठेकेदारालाही सापडेना. निम्मी फोड आम्हाला पुराव्यानिशी दाखवता आली, उरलेली इमारतीच्या खर्चातच राहिली. घसाऱ्याचा लाभ विवरणपत्र भरताना ठरत नाही, तो पाया खणला जात असताना ठरतो, हे त्या वर्षी कळले. पुढील मजकूर त्याच अनुभवातून लिहिला आहे.

घसारा म्हणजे वापराने आणि काळाने मालमत्तेची जी झीज होते तिची कायद्याने मान्य केलेली वजावट होय. ही वजावट घेताना त्या वर्षी खिशातून पैसा जात नाही. तो बांधकामाच्या वेळीच गेलेला असतो. म्हणूनच व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत, जेव्हा बँकेचा हप्ता चालू असतो आणि पाहुणे अजून वाट शोधत असतात, तेव्हा ही वजावट सर्वांत उपयोगाची ठरते.

आधी उत्पन्नाचे शीर्षक ठरवावे

घर भाड्याने दिले की घसारा मिळतो, असा समज पुष्कळांचा असतो, आणि तो चुकीचा आहे. तालुक्याच्या गावातले घर एखाद्या शिक्षकाला किंवा बँकेतील अधिकाऱ्याला महिन्याच्या भाड्याने दिले, तर ते उत्पन्न 'घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न' या शीर्षकाखाली येते. तिथे घरपट्टी वजा केल्यानंतरच्या रकमेवर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, कर्जाचे व्याज मिळते आणि तिथेच प्रकरण संपते. घसारा, दुरुस्ती, रंग यांपैकी काहीही वेगळे मागता येत नाही. काही मालक असे भाडे व्यवसायाच्या उत्पन्नात दाखवून घसारा घेत असत. वित्त (क्रमांक 2) अधिनियम, 2024 ने आयकर कायद्याच्या कलम 28 ला स्पष्टीकरण जोडून ती वाट बंद केली : मालकाने राहते घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिल्याचे उत्पन्न 1 एप्रिल 2025 पासून व्यवसायाच्या शीर्षकाखाली दाखवता येत नाही.

घसारा हवा असेल तर आपण चालवतो तो निवाससेवेचा व्यवसाय आहे, नुसते घर भाड्याने देणे नव्हे, हे कागदांवरून दिसले पाहिजे. रोजच्या दराने खोली देणे, चादरी बदलणे, सकाळी घावणे-चटणी किंवा आंबोळी देणे, जेवणाची सोय करणे, झाडलोटीला माणूस ठेवणे, या सेवा त्या व्यवसायाचा गाभा आहेत. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेखालील नोंदणी, पाहुण्यांची नोंदवही, किराणा आणि मासळीची बिले, कामाला येणाऱ्या बाईंना बँकेतून दिलेला पगार, प्रत्येक पाहुण्याला दिलेली पावती, हे सारे सांभाळून ठेवावे. वर्षाला अकरा महिन्यांचा करार करून एकाच कुटुंबाला घर द्यायचे आणि विवरणपत्रात होमस्टे लिहायचे, असे करू नये. 2024 नंतरच्या तरतुदीपुढे ते टिकणार नाही आणि घेतलेला घसारा व्याजासह परत द्यावा लागेल.

याच जागी परदेशी सल्ल्याविषयी सांगणे आवश्यक वाटते, कारण अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून तो आपल्याकडे हमखास येतो. तिथे भाड्याच्या निवासी इमारतीचा घसारा साडेसत्तावीस वर्षांत समान हप्त्यांनी मिळतो, म्हणून तिथले मालक इमारतीच्या खर्चाची फोड करून गालिचे, उपकरणे, कुंपण यांसारखे भाग 5, 7 किंवा 15 वर्षांच्या वर्गांत टाकतात आणि पात्र वस्तूंवर पहिल्याच वर्षी मोठी वजावट घेतात. आपल्या कायद्यात ती पहिल्या वर्षाची सवलत नाही. कलम 32 मधील 20 टक्के अतिरिक्त घसारा उत्पादन आणि वीजनिर्मिती करणाऱ्यांसाठी आहे, निवाससेवेला तो लागू नाही. कलम 35एडी खाली दोन तारांकित किंवा त्यावरील दर्जाच्या नव्या हॉटेलला जमीन वगळता भांडवली खर्चाची पूर्ण वजावट मिळते, पण घरगुती होमस्टे त्या दर्जात बसत नाही आणि नव्या करप्रणालीत ती वजावटही नाही. असे असले तरी खर्चाची फोड करण्याचे तत्त्व आपल्यालाही तंतोतंत लागू पडते. शिवाय आपली घटत्या शिल्लकीची पद्धत मुळातच वेगवान आहे : दरवर्षी उरलेल्या किमतीवर टक्केवारी लागते, त्यामुळे सर्वांत मोठी वजावट पहिल्या वर्षी मिळते. 10 टक्के दराने पाच वर्षांत इमारतीच्या खर्चाचा सुमारे 41 टक्के भाग वजा झालेला असतो.

कोणती वस्तू कोणत्या गटात

आयकर प्रत्येक वस्तूचा घसारा वेगळा मोजत नाही. सारख्या स्वरूपाच्या आणि सारख्या दराच्या वस्तूंचा एक गट धरतो. मुख्यत्वे राहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीला 5 टक्के दर आहे, पण त्यातून हॉटेले आणि निवासगृहे स्पष्टपणे वगळलेली आहेत. त्यांना इतर इमारतींप्रमाणे 10 टक्के मिळतो. एकाच इमारतीत कुटुंब राहत असेल तर मोजमाप घ्यावे, कारण बांधीव क्षेत्राचा दोन-तृतीयांश किंवा अधिक भाग राहण्यासाठी असेल तर ती इमारत निवासी धरली जाते. पर्यटकांच्या खोल्यांची स्वतंत्र इमारत बांधणे शक्य असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

इमारत या शब्दाची व्याप्ती आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. घसाऱ्याच्या दरांच्या परिशिष्टातील टीपेनुसार रस्ते, पूल, मोऱ्या, विहिरी आणि कूपनलिका यांचा समावेश इमारतीत होतो. कातळावर विहीर खणायची म्हणजे कधी कधी दोन खोल्यांच्या बांधकामाएवढा खर्च येतो. तो खर्च 'जमिनीत गेला' असे समजून सोडून देणारे मालक मी पाहिले आहेत. विहीर पर्यटकांच्या पाण्यासाठी असेल तर तिच्यावर 10 टक्के मिळतो, आणि मुख्य रस्त्यापासून ओटीपर्यंत बांधलेल्या वाटेचा खर्चही इमारतीत येतो. जमिनीवर मात्र घसारा नाही. खरेदीखतात जागा आणि जुने घर यांची एकत्रित किंमत असेल तर मूल्यांकनकाराकडून दोन्हींची विभागणी करून घ्यावी, आणि ती खरेदीच्या वेळीच घ्यावी.

पलंग, कपाटे, टेबल-खुर्च्या, आणि वायरिंग, बटणे, पंखे यांसारखे विद्युत जोडणीचे साहित्य फर्निचरच्या गटात 10 टक्क्यांनी येते. वातानुकूलन यंत्रे, फ्रिज, धुलाईयंत्र, पाण्याचा पंप, जनरेटर, सीसीटीव्ही ही यंत्रसामग्री असून तिला 15 टक्के मिळतात. संगणक आणि त्याच्या प्रणालींना 40 टक्के आहेत. सौर बंब आणि सौर वीजसंच यांनाही 40 टक्के आहेत, आणि माझ्या मते होमस्टेमालकाच्या हातातला हा सर्वांत चांगला दर आहे, कारण पावसाळ्याचे चार महिने सोडले तर किनाऱ्यावर ऊन मुबलक असते आणि विजेचे बिलही त्याने उतरते. इमारतीलाच यंत्रसामग्री म्हणण्याचा प्रयत्न मात्र करू नये. हॉटेलची इमारत यंत्रसामग्रीत मोडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आनंद थिएटर्स प्रकरणात दिला आहे. न्हाणीघरातील नळ आणि भांडी ही यंत्रसामग्री आहे असे त्याच न्यायालयाने 1971 साली एका हॉटेलच्या बाबतीत म्हटले होते आणि जुने सल्लागार अजून त्याचा दाखला देतात. परंतु पुढे व्याख्या बदलून इमारत आणि फर्निचर-जोडणीसाहित्य त्यातून वगळण्यात आले, म्हणून तो दाखला आता उपयोगाचा नाही.

राहिला अंगणातला मांडव. निव्वळ तात्पुरत्या लाकडी उभारणीला 40 टक्के दर आहे. पोफळीचे खांब, बांबूचे वासे आणि वर विणलेली झापे, जी दर पावसाळ्यानंतर बदलावी लागतात, अशी उभारणी या वर्णनात बसते. त्याच मांडवाखाली काँक्रीटचा पाया घालून लोखंडी खांब उभे केले आणि वर पत्रा टाकला, की ती इमारत होते आणि दर 10 टक्क्यांवर येतो. उभारणी चालू असतानाची दोन छायाचित्रे तारखेसह ठेवली तर पुढे वाद घालावा लागत नाही.

खारा वारा हा कोकणातील प्रत्येक मालकाचा खर्च आहे. समुद्रापासून दोनशे पावलांवर असलेल्या वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग चार-पाच वर्षांत गंजून पोखरतो, पण कायद्याचा दर किनाऱ्यावर आणि साताऱ्यात सारखाच असतो. यंत्र भंगारात दिले तर भंगाराची मिळालेली रक्कम गटाच्या शिल्लकीतून वजा करायची, एवढेच करावे लागते. गटात इतर यंत्रे शिल्लक असेपर्यंत निकामी झालेल्या यंत्राची न वजा झालेली किंमतही गटातच राहते आणि तिच्यावर घसारा चालू राहतो. ती बुडाली असे समजून नोंदवहीतून खोडू नये. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली या भागांत छपरे उडवली, त्यानंतर अनेकांना विम्याचे पैसे मिळाले. मालमत्ता नष्ट झाल्याबद्दल मिळालेली अशी विम्याची रक्कम त्या गटाच्या शिल्लकीतून वजा करावी लागते, हे त्या वेळी पुष्कळांच्या हिशेबात राहून गेले.

आकड्यांत पाहिले तर

समजा, जमीन वगळून एकूण खर्च 49,50,000 रुपये झाला. त्यात विहीर आणि वाट धरून इमारत 35,00,000, फर्निचर व वायरिंग 6,00,000, यंत्रसामग्री 4,00,000, सौर बंब आणि वीजसंच 3,00,000, मांडव 1,00,000 आणि संगणक 50,000 रुपयांचा आहे. पूर्ण वर्षाच्या दराने पहिल्या वर्षीचा घसारा अनुक्रमे 3,50,000, 60,000, 60,000, 1,20,000, 40,000 आणि 20,000 असा, म्हणजे एकूण 6,50,000 रुपये होतो. सगळा खर्च 'घरबांधणी, एकरकमी' म्हणून 10 टक्क्यांत टाकला असता तर तो 4,95,000 रुपये झाला असता. दुसऱ्या वर्षी फोड केलेल्या हिशेबात 5,28,000 आणि एकरकमी हिशेबात 4,45,500 रुपये येतात.

या मालकाला मुंबईतील नोकरीपासून, प्रमाणित वजावटीनंतर, 16,00,000 रुपयांचे उत्पन्न आहे आणि होमस्टेमधून घसाऱ्यापूर्वी 7,00,000 रुपये नफा उरतो असे धरू. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 16 ते 20 लाखांच्या टप्प्याला 20 टक्के आणि 20 ते 24 लाखांच्या टप्प्याला 25 टक्के दर आहे. घसारा न घेता होमस्टेच्या नफ्यावर उपकरासह 1,61,200 रुपये कर येतो. फोड करून घेतलेल्या घसाऱ्यानंतर नफा 50,000 उरतो आणि कर 10,400 रुपये होतो. एकरकमी हिशेबाने तोच कर 42,640 रुपये झाला असता. केवळ बिले वेगळी मागितल्याने एका वर्षात 32,240 रुपये वाचले.

ज्याचे एकूण उत्पन्नच 12 लाखांच्या आत आहे, त्याला नव्या प्रणालीत सवलतीमुळे कर शून्य होतो, मग घसारा कितीही असो. अशा वर्षी घसारा न मागता पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवू, असा विचार मनात येतो, पण कायदा तशी मुभा देत नाही. मागितला असो वा नसो, घसारा मिळाला असेच धरले जाते आणि गटाची शिल्लक कमी होते. म्हणून पेन्शनवर जगणाऱ्या गावातील जोडप्याने या विषयावर फार खर्च करू नये. नोकरी किंवा दुसरा धंदा असलेल्या मालकाने मात्र करावा.

नफा घसाऱ्यापेक्षा कमी असेल तर उरलेला घसारा वर्षांच्या मर्यादेशिवाय पुढे ओढता येतो, तर व्यवसायाचा इतर तोटा आठच वर्षे पुढे नेता येतो. व्यवसायाचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही, ही गोष्ट मुंबईकर मालकांनी आधीच ध्यानात घ्यावी. होमस्टेला तोटा दाखवून कंपनीने कापलेला कर परत मिळवण्याची योजना कोणी सुचवली तर ती नाकारावी.

तारीख, पैसे देण्याची रीत आणि वडिलोपार्जित घर

ज्या वर्षी वस्तू घेतली त्या वर्षी ती 180 दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर त्या वर्षापुरता अर्धाच दर मिळतो. 31 मार्चपासून मागे मोजले तर 3 ऑक्टोबर ही शेवटची तारीख येते, आणि लीप वर्षात 4 ऑक्टोबर. दिवाळी नेहमीच या तारखेनंतर येते. आपल्याकडे मात्र हंगामाची खरेदी दिवाळीच्या तोंडावर होते : पाऊस थांबतो, रस्ते वाळतात, मग चिपळूण किंवा रत्नागिरीहून यंत्रांची गाडी येते. 3,00,000 रुपयांचा सौरसंच 15 ऑक्टोबरला बसला तर त्या वर्षी 1,20,000 ऐवजी 60,000 रुपये घसारा मिळतो. उरलेला भाग बुडत नाही, तो शिल्लकीत राहून पुढच्या वर्षांत मिळतो. तरीही पैसे हाती हवे असतील तेव्हा हा फरक जाणवतो. चाकरमानी गणपतीला घरी येतात त्याच्या आधी खोल्या तयार ठेवल्या आणि 3 ऑक्टोबरपर्यंत पहिल्या पाहुण्यांची नोंद झाली, तर पूर्ण वर्षाचा दर मिळतो. नुसती खरेदी पुरत नाही, वापर सुरू झाला पाहिजे. म्हणून बसवणी झाल्याची पावती आणि नोंदवहीतील पहिल्या पाहुण्याची तारीख हे दोन्ही पुरावे जोडीने ठेवावेत.

मालमत्तेच्या खर्चापोटी एका व्यक्तीला एका दिवशी 10,000 रुपयांपेक्षा अधिक रोख दिली तर ती रक्कम किमतीत धरलीच जात नाही, म्हणजे तिच्यावर घसारा कायमचा गेला. जांभ्याच्या खाणीवर चिऱ्यांच्या गाडीचे पैसे रोख मागतात, वाळूवाला रोख मागतो आणि गवंडी शनिवारी संध्याकाळी रोख मागतो. आमच्या वहीत 'चिरे, 3 गाड्या, रोख' अशा नोंदींची अख्खी दोन पाने आहेत आणि त्यांतील बहुतेक रक्कम आम्हाला सोडून द्यावी लागली. खाणवाल्याला आणि मुकादमाला पहिल्याच दिवशी बँक खात्याचा क्रमांक मागावा. बहुतेक जण देतात, फक्त कोणी मागत नाही.

बांधकामासाठी घेतलेल्या कर्जावर खोल्या वापरात येईपर्यंतचे व्याज किमतीत मिळवावे लागते, त्यानंतरचे व्याज त्या-त्या वर्षी खर्च म्हणून जाते. सरकारी अनुदान मिळाले असल्यास ते किमतीतून वजा करावे. रोजचे भाडे 7,500 रुपये किंवा त्याहून कमी असलेल्या खोल्यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट न मिळता, 5 टक्के जीएसटी लागतो. ते क्रेडिट घेता येत नसल्याने यंत्रावर भरलेला जीएसटी त्याच्या किमतीचा भाग होतो आणि त्यावरही घसारा मिळतो.

वडिलोपार्जित घराची गोष्ट वेगळी आहे, आणि कोकणात ती फार जणांना लागू पडते. आजोबांनी बांधलेले चिरेबंदी घर आज लाखो रुपयांचे असेल, पण घसाऱ्यासाठी आजची किंमत चालत नाही. वारशाने आलेल्या मालमत्तेसाठी मूळ मालकाचा प्रत्यक्ष खर्च धरावा लागतो आणि त्यातूनही मधल्या वर्षांचा काल्पनिक घसारा वजा होतो. 1962 साली 9,000 रुपयांत उभे राहिलेल्या घराबाबत हिशेब केला तर हाती जवळजवळ काहीच उरत नाही. मूल्यांकनकाराचा आजचा दाखला जोडून मोठा घसारा मागणाऱ्या सल्लागारापासून दूर राहावे. त्या घरात आपण आता जो खर्च करतो, म्हणजे नवी न्हाणीघरे, नवे वायरिंग, मागच्या पडवीच्या केलेल्या दोन खोल्या, त्यावर मात्र पूर्ण घसारा मिळतो.

सातबारावर आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर चार चुलत्यांची नावे असतील तर दुसरा प्रश्न उभा राहतो. घसारा पूर्ण किंवा अंशतः मालकी असणाऱ्याला मिळतो. जो भाऊ गावी राहून होमस्टे चालवतो त्याचा हिस्सा चौथाच असेल तर उरलेल्या हिश्श्यांसाठी त्याच्या नावे नोंदवलेला भाडेकरार किंवा वापराचा लेखी हक्क असावा. मग त्याने स्वतः केलेल्या नूतनीकरणाच्या आणि वाढीव बांधकामाच्या भांडवली खर्चावर तो मालक असल्याप्रमाणे त्याला घसारा मिळतो. तोंडी 'तूच बघ रे सगळं' एवढ्यावर लाखोंचा खर्च करू नये. यात केवळ कराचा प्रश्न नाही, पण करासाठीही तो कागद लागतोच. गणपतीत आणि मे महिन्यात घरचीच माणसे खोल्या वापरत असतील तर तेवढा भाग घसाऱ्यातून प्रमाणात वगळावा.

दुरुस्ती आणि नवे बांधकाम यांतही गल्लत होते. दरवर्षी मृगापूर्वी होणारी शाकारणी, फुटलेली कौले बदलणे, गडगा सावरणे, खिडक्यांच्या गजांना गंजरोधक रंग देणे हा चालू दुरुस्तीचा खर्च आहे आणि तो त्याच वर्षी शंभर टक्के वजा होतो. त्याला इमारतीत मिळवून 10 टक्क्यांच्या रांगेत उभे करण्यात नुकसान आहे. कौलांचे छप्पर काढून स्लॅब टाकला तर तो भांडवली खर्च होतो आणि त्यावर घसाराच घ्यावा लागतो.

अंदाजित उत्पन्नाची योजना आधी की हिशेबाची पुस्तके

कलम 44एडी खाली लहान व्यावसायिकाला उलाढालीच्या 8 टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या जमेवर 6 टक्के, उत्पन्न दाखवून मोकळे होता येते. उलाढालीची मर्यादा 2 कोटी आहे, आणि रोख जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटी. या योजनेत घसारा वेगळा मिळत नाही, तो आधीच दिला असे मानून गटाची शिल्लक दरवर्षी कमी होत जाते. मर्यादित दायित्व भागीदारी आणि कंपनी यांना ती उपलब्ध नाही.

वरच्याच उदाहरणात वर्षाची जमा 20,00,000 रुपये असून ती सगळी बँकेतून आली असेल, तर अंदाजित उत्पन्न 1,20,000 रुपये येते. पुस्तके ठेवली तर पहिल्या वर्षी 50,000 आणि दुसऱ्या वर्षी, नफा तितकाच राहिला तर, 1,72,000 रुपये. पहिल्या वर्षी पुस्तके फायद्याची आणि दुसऱ्या वर्षी अंदाजित योजना, असे चित्र इथे दिसते. कर्जाचे व्याज मोठे असेल तर पुस्तकांचा फायदा आणखी दोन-तीन वर्षे लांबतो. या निवडीत क्रम फार महत्त्वाचा आहे. अंदाजित योजना एकदा स्वीकारून पुढील पाच वर्षांच्या आत सोडली तर त्यानंतर पाच वर्षे तिच्याकडे परतता येत नाही, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेवर असल्यास लेखापरीक्षणही करावे लागते. उलट आधी पुस्तके ठेवून, घसारा आणि व्याज ओसरल्यावर योजनेत प्रवेश करण्याला तसा अडसर नाही. पहिल्याच वर्षी सोपे म्हणून योजनेत जाणारे मालक आपल्या घसाऱ्याची सर्वांत मोठी वर्षे हातची घालवतात. बांधकाम पूर्ण होण्याआधी सीएकडे बसून पाच वर्षांचा तक्ता दोन्ही बाजूंनी मांडून घ्यावा. त्याची फी वसूल होते.

पुस्तके ठेवणाऱ्याला आयटीआर-3 भरावा लागतो आणि त्यात प्रत्येक गटाची सुरुवातीची शिल्लक, 180 दिवस किंवा अधिक व त्याहून कमी वापराची खरेदी आणि विक्री वेगवेगळी भरावी लागते. वरील कलमांचे आकडे 1961 च्या अधिनियमातील आहेत. 1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम, 2025 लागू असल्याने त्यानंतरच्या वर्षांसाठी कलमांचे नवे क्रमांक पाहावेत आणि दरांचे परिशिष्ट त्या-त्या वर्षाचे घ्यावे.

विकण्याची वेळ आली तर

घसाऱ्याने कर पुढे ढकलला जातो, आणि इमारत विकली तर त्याचा मोठा भाग परत येतो. 35,00,000 रुपयांच्या इमारतीची पाच वर्षांनंतरची शिल्लक 20,66,715 रुपये असते. तिची विक्रीकिंमत 40,00,000 रुपये आली आणि गटात दुसरी इमारत नसेल, तर फरकाचे 19,33,285 रुपये कलम 50 नुसार अल्पमुदतीचा भांडवली नफा ठरतात, मग इमारत पाच वर्षे जवळ असो की पंधरा, आणि त्यावर उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे कर बसतो. जमिनीवर घसारा घेतलेला नसल्याने तिचा नफा वेगळा मोजला जातो. ती दोन वर्षांहून अधिक काळ जवळ असेल तर तो दीर्घमुदतीचा होतो आणि त्यावर 12.5 टक्के दर लागतो. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या जमिनीसाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह 20 टक्क्यांचा पर्यायही आहे. समुद्रकाठच्या जागेत किमतीची खरी वाढ जमिनीचीच असते, भिंतींची नव्हे. म्हणून विक्रीच्या खतात जमिनीची आणि इमारतीची किंमत दोन स्वतंत्र ओळींत, मूल्यांकनाच्या आधारासह लिहून घ्यावी. खरेदीदाराचा वकील एकच आकडा घालून मसुदा पाठवतो, तो सहीपूर्वी बदलून घ्यावा.